जव्हार-मोखाड्यातील रुग्णालयात अँटिबायोटिक नीट वापरले जाते का, हे कसे मोजतात?

घरातले माणूस रुग्णालयात दाखल झाले की नातेवाइकांना पहिली काळजी असते ती औषधाची. चांगले औषध देतात ना? सुई चालू केली का? सलाईन लावली का? 'पॉवरचे' अँटिबायोटिक दिले की उपचार चांगला, असा आपल्याकडे समज आहे. पण एखादे रुग्णालय अँटिबायोटिक चांगले वापरते की नाही, हे औषधाच्या पॉवरवरून ठरत नाही. ते मोजण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. त्या समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. या लेखात त्या पद्धती सोप्या करून सांगितल्या आहेत आणि त्यातले काय तुम्ही स्वतः पाहू शकता, विचारू शकता, तेही दिले आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते. सर्दी, बहुतेक खोकला, डेंग्यू, मलेरिया यांवर त्याचा उपयोग नाही.
- रुग्णालयाचा वापर पाच बाजूंनी मोजतात: किती दिले, का दिले, कोणते दिले, जिवाणू किती प्रतिरोधी झाले आणि संसर्ग पसरू नये म्हणून काय केले.
- आकडा कमी म्हणजे रुग्णालय चांगले, असे नाही. गरज असताना औषध न मिळणे हीसुद्धा चूकच.
- केसपेपरवर अँटिबायोटिकचे कारण आणि किती दिवस द्यायचे हे लिहिलेले असावे. हे तुम्ही विचारू शकता.

प्रतिरोध म्हणजे नेमके काय?

अँटिबायोटिकला मराठीत प्रतिजैविक म्हणतात. ते जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते. एखादे औषध पुन्हा पुन्हा वापरले की त्या औषधाने मरणारे जिवाणू मरतात आणि न मरणारे वाढतात. हळूहळू तेच उरतात. यालाच प्रतिरोध म्हणतात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'माझ्या शरीराला औषधाची सवय झाली' असे रुग्ण म्हणतात, पण बदल शरीरात झालेला नसतो, जिवाणूत झालेला असतो. आणि तो जिवाणू एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातो. म्हणून ज्याने आयुष्यात कधी जास्त औषधे घेतली नाहीत, त्या नवजात बाळालाही प्रतिरोधी जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

२०१९ या वर्षासाठी केलेल्या जागतिक अभ्यासानुसार त्या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले. त्यातले सुमारे ३ लाख भारतातले होते.

जव्हार-मोखाड्यासाठी हा प्रश्न वेगळा का?

मुंबई किंवा नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात पहिले अँटिबायोटिक लागू पडले नाही तर दुसरे, तिसरे हाताशी असते. रक्ताचे कल्चर करून कोणता जिवाणू आहे, तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे दोन-तीन दिवसांत कळते. आपल्या भागात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय अशी साखळी आहे. त्यापुढची गरज पडली तर रुग्णाला नाशिक, ठाणे किंवा सिल्वासाला न्यावे लागते. पावसाळ्यात घाटातून, रात्री, गाडी मिळेपर्यंत किती वेळ जातो हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे जिथे दुसरे औषध दूर आहे, तिथे पहिले औषध लागू पडणे सर्वांत महत्त्वाचे. अमॉक्सिसिलिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही साधी, स्वस्त औषधे आपल्या भागात चालत राहिली पाहिजेत. ती बोथट झाली तर पाड्यावरच्या कुटुंबाला नाशिकशिवाय पर्याय उरत नाही. मोजमापाचा हेतू हाच आहे.

मोजमाप १: किती दिले?

सगळ्यात सोपा हिशेब भांडाराच्या नोंदवहीतून होतो. महिन्यात किती गोळ्या, किती बाटल्या वॉर्डात गेल्या, हे पाहतात. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत औषधसाठ्याची नोंद ई-औषधी या संगणक प्रणालीत होते, त्यामुळे आकडे मिळण्यासारखे असतात. पण नुसत्या बाटल्या मोजून उपयोग नाही, कारण एका रुग्णालयात ३० खाटा असतात आणि दुसऱ्यात १००.

यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक औषधाचा एक 'ठरावीक दैनिक डोस' निश्चित केला आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण किती औषध लागते, त्याचे ते माप आहे. सेफ्ट्रिॲक्सोन या इंजेक्शनचे माप २ ग्रॅम आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ.

- समजा, एका वॉर्डात महिन्याला १ ग्रॅमच्या ३०० बाटल्या संपल्या. म्हणजे ३०० ग्रॅम. भागिले २ केले की १५० दैनिक डोस.
- त्या महिन्यात रोज सरासरी २५ खाटा भरलेल्या होत्या. ३० दिवसांचे ७५० खाटा-दिवस झाले.
- १५० भागिले ७५०, गुणिले १००. उत्तर आले २०.

म्हणजे दर १०० खाटा-दिवसांमागे २० डोस. ढोबळ अर्थ असा की कोणत्याही दिवशी १०० पैकी साधारण २० रुग्णांना पुरेल इतके हे एकच औषध वापरले गेले. पुढच्या महिन्यात हा आकडा ३० झाला तर विचारायचे, असे काय बदलले? तापाची साथ होती की सवय वाढली?

या पद्धतीत एक मोठी खोट आहे आणि ती आपल्या भागात फार जाणवते. हे माप मोठ्या माणसाचे आहे. १० किलोच्या बाळाला हेच औषध दिवसाला अर्धा ते पाऊण ग्रॅम लागते. त्यामुळे बाळांनी भरलेल्या वॉर्डात प्रत्येक बाळाला हे इंजेक्शन चालू असले तरी हिशेबात वापर कमीच दिसेल. म्हणून मुलांच्या वॉर्डात ग्रॅम न मोजता दिवस मोजतात. एका बाळाला एक औषध पाच दिवस दिले, तर पाच औषध-दिवस. दोन औषधे पाच दिवस दिली, तर दहा. जिथे दाखल होणाऱ्यांत लहान मुले जास्त, तिथे ही दुसरी पद्धतच खरे चित्र दाखवते.

मोजमाप २: का दिले?

किती दिले यावरून गरज होती का, हे कळत नाही. त्यासाठी 'एका दिवसाची पाहणी' करतात. एक दिवस ठरवायचा, सकाळी वॉर्डात दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर बघायचा आणि चार प्रश्न विचारायचे.

- या रुग्णाला अँटिबायोटिक चालू आहे का?
- ते का चालू आहे, हे केसपेपरवर लिहिले आहे का?
- तपासणीसाठी नमुना घेतला होता का?
- ते कधी थांबवायचे किंवा कधी फेरविचार करायचा, हे लिहिले आहे का?

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांत अशी पाहणी केली. त्यात ९,६५२ रुग्ण होते. त्यांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होते. लिहून दिलेल्या औषधांपैकी ५५ टक्के औषधे संसर्ग झालेला नसताना, तो होऊ नये म्हणून दिलेली होती. कोणता जिवाणू आहे हे नक्की कळल्यावर दिलेली औषधे फक्त ६ टक्के होती. उपचारासाठी दिलेली बाकी बहुतेक औषधे अंदाजाने सुरू केलेली होती.

अंदाजाने सुरू करणे हा गुन्हा नाही. गंभीर रुग्णात अहवालाची वाट पाहणे धोक्याचे असते. प्रश्न पुढचा आहे. ४८ ते ७२ तासांनी डॉक्टरांनी थांबून पाहिले का? ताप मलेरियाचा निघाला, तरी अँटिबायोटिक चालूच राहिले का? रुग्ण तोंडाने खाऊ लागला, तरी सुई चालूच आहे का? हा फेरविचार किती रुग्णांत झाला, हे चांगल्या रुग्णालयाचे सर्वांत विश्वासू माप आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, केसपेपर आणि पेन पुरते.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना त्याचे कारण लिहिण्याचे आवाहन केले. ही सवय लहान रुग्णालयांनीही लावून घेण्यासारखी आहे.

मोजमाप ३: कोणते दिले?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट केले. ते रुग्णांनीही लक्षात ठेवावेत.

- पहिला गट, नेहमीच्या वापराची औषधे: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्साझोल. सर्वसाधारण संसर्गात सुरुवात यांनी करायची.
- दुसरा गट, जपून वापरायची औषधे: सेफ्ट्रिॲक्सोन, सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम. ठरावीक आजारांतच. यांच्याविरुद्ध प्रतिरोध लवकर तयार होतो.
- तिसरा गट, राखीव औषधे: कोलिस्टिन, लिनेझोलिड वगैरे. बाकी काही चालत नाही तेव्हाच.

एकूण वापरापैकी पहिल्या गटाचा वाटा किती, हा आकडा काढतात. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी २०३० पर्यंत हा वाटा ७० टक्के करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत तो ३८ टक्के होता आणि दुसऱ्या गटाचा ५७ टक्के. ती मोठी रुग्णालये होती, तिथले रुग्णही जास्त गंभीर. ग्रामीण रुग्णालयात पहिल्या गटाचा वाटा याहून बराच जास्त असायला हवा.

सेफिक्झिम आणि ओफ्लॉक्सासिन एकत्र असलेल्या जोडगोळ्या मेडिकलमध्ये मिळतात. अशा जोड्या जागतिक आरोग्य संघटनेच्या 'शिफारस नाही' यादीत आहेत. लेव्होफ्लॉक्सासिनबाबत आणखी एक काळजी घ्यायची. हे औषध क्षयाच्या जंतूवरही थोडे काम करते. क्षय असलेल्या रुग्णाला साध्या खोकल्यासाठी ते दिले तर काही दिवस बरे वाटते आणि क्षयाचे निदान लांबते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर औषध बदलत बसू नका, थुंकी तपासून घ्या.

मोजमाप ४: जिवाणू किती प्रतिरोधी झाले?

रुग्णांच्या लघवी, रक्त, पू यांच्या कल्चरचे वर्षभराचे निकाल एकत्र करून एक तक्ता बनवतात. उभ्या बाजूला जिवाणू, आडव्या बाजूला औषधे आणि प्रत्येक घरात टक्केवारी. १०० पैकी किती जिवाणू या औषधाने मरतात? यावरून पुढच्या रुग्णाला पहिले औषध कोणते द्यायचे, हे ठरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांकडून असे निकाल गोळा करते. आपल्या राज्यातील सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय त्या जाळ्यात आहे. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय हा जिवाणू २०१७ मध्ये इमिपेनेम या भारी औषधाला सुमारे ८१ टक्के वेळा दाद देत होता. २०२३ मध्ये तो आकडा सुमारे ६३ टक्क्यांवर आला.

हे आकडे वाचून घाबरू नका, पण ते कुठून आले हेही समजून घ्या. मोठ्या रुग्णालयात पोहोचणाऱ्या अनेक रुग्णांनी आधीच दोन-तीन औषधे घेतलेली असतात. त्यामुळे तिथले जिवाणू जास्त हट्टी असतात. मुंबईचा तक्ता पाहून खोडाळ्याच्या रुग्णाला भारी औषध देणे बरोबर नाही. टक्केवारी काढण्यासाठी एका जिवाणूचे किमान ३० रुग्णांचे निकाल असावेत, असा नियम आहे. लहान रुग्णालयात वर्षात एवढी कल्चर होत नाहीत. अशा वेळी आसपासच्या रुग्णालयांचे निकाल एकत्र करून एकच तक्ता काढणे हा व्यवहार्य मार्ग असतो.

मोजमाप ५: संसर्ग पसरू नये म्हणून काय केले?

जो संसर्ग झालाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. म्हणून हात धुण्याचे मोजमापही याच हिशेबात येते. वॉर्डात हात चोळण्याचे सॅनिटायझर किती संपले, हे पाहतात. दर १,००० रुग्ण-दिवसांमागे निदान २० लिटर, असे प्रमाण धरले जाते. वरच्या उदाहरणातील ७५० खाटा-दिवसांच्या वॉर्डात महिन्याला १५ लिटर संपायला हवे. तीन लिटरच संपले असेल तर दोन रुग्णांच्या मध्ये हात धुतले जात नाहीत, हे उघड आहे.

दुसरे मोजमाप शस्त्रक्रियेचे. सिझेरियनमध्ये कातडी कापण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिकचा एक डोस द्यायचा असतो. संसर्गाचे लक्षण नसेल तर त्यानंतर पुन्हा देण्याची गरज नसते. 'टाके वाळेपर्यंत सुई द्या' असा आग्रह घरचे धरतात. पण जास्तीच्या डोसमुळे जखम लवकर भरत नाही. किती बाळंतिणींना वेळेवर एक डोस मिळाला आणि किती जणींना विनाकारण पाच दिवस दिला, हे मोजले की रुग्णालयाची शिस्त कळते.

मग आकडा कमी म्हणजे रुग्णालय चांगले?

नाही. आपल्या भागात हे विशेष ठासून सांगायला हवे.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. कुपोषित मुलाला संसर्ग होतो तेव्हा अनेकदा ताप येत नाही. ते मूल फक्त मलूल होते, खात नाही, अंग थंड पडते. म्हणून गुंतागुंत असलेले अतितीव्र कुपोषित बालक दाखल झाले की अँटिबायोटिक लगेच सुरू करण्याची शिफारस आहे. ज्या रुग्णालयात अशी मुले जास्त येतात, तिथला वापर जास्त दिसणारच. तो आकडा कमी करण्याच्या नादात एका बाळाचे औषध राहिले, तर ते मोजमाप निरुपयोगीच नाही, धोकादायक आहे.

गरजेच्या वेळी साधे औषध मिळाले तर काय होते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना बालन्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमॉक्साझोल द्यायला शिकवले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाले. तो अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगात जेंटामायसिनसारखे औषध गावपातळीवर वापरले गेले. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे पहिल्या गटातली आहेत. ती मोजून-मापून, ओळखलेल्या आजारावर, ठरलेल्या दिवसांसाठी दिली गेली.

म्हणून वापराच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे ठेवावे लागतात.

- पहिल्या डोसला लागलेला वेळ: जिवाणू संसर्गाने रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला पहिला डोस एका तासाच्या आत मिळाला का?
- साठा संपलेले दिवस: अमॉक्सिसिलिन महिन्यात किती दिवस उपलब्ध नव्हते? साधे औषध नसले की डॉक्टरांना भारी औषध द्यावे लागते आणि मग तीच सवय होते.
- मृत्यू आणि पुन्हा दाखल होणे: वापर कमी केल्यावर हे वाढले नाहीत ना?

तुलना करतानाही रुग्णालयाची तुलना आधी त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी करावी. २० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला मुंबईच्या रुग्णालयाशेजारी उभे करून काही कळत नाही.

लहान ठिकाणी हे जमणार का, अशी शंका घेऊ नका. केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातील कक्कोडी येथील कुटुंब आरोग्य केंद्र 'अँटिबायोटिक स्मार्ट' म्हणून जाहीर झाले. ते मोठे रुग्णालय नाही, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीचे ठिकाण आहे.

रेफर चिठ्ठी: आपल्या भागातील सर्वांत महत्त्वाचा कागद

मोखाड्याहून नाशिकला रुग्ण जातो तेव्हा त्याच्यासोबत माहिती जाते का, हेही मोजण्यासारखे आहे. आधी कोणते अँटिबायोटिक दिले, किती वाजता दिले, किती डोस झाले, हे चिठ्ठीवर नसेल तर तिथले डॉक्टर अंधारात असतात. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू अनेकदा उगवत नाहीत. औषध दिले होते हे माहीत असेल तर 'काही सापडले नाही' या अहवालाचा अर्थ बरोबर लावता येतो. तसेच दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांचे केसपेपर सोबत ठेवावेत. तिथल्या डॉक्टरांना आधीचे औषध कळले की तेच पुन्हा किंवा उगाच त्याहून भारी औषध दिले जात नाही.

तुम्ही काय विचारू शकता?

भांडण्याच्या सुरात नको. शांतपणे विचारा. डॉक्टर, सिस्टर यांना उत्तर देणे अवघड वाटू नये असे हे प्रश्न आहेत.

१. हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी दिले आहे?
२. किती दिवस द्यायचे आहे?
३. सुरू करण्याआधी रक्त किंवा लघवी तपासायला घ्यायची आहे का?
४. दोन-तीन दिवसांनी तुम्ही पुन्हा बघणार ना, चालू ठेवायचे की बंद करायचे ते?
५. आता रुग्ण जेवतो आहे, तर सुईऐवजी गोळी चालेल का?
६. घरी जाताना किंवा रेफर करताना औषधाचे नाव आणि डोस कागदावर लिहून द्याल का?

मेडिकलमधून घेताना पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिकसाठी दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे.

गावाने काय करायचे?

आरोग्यसेवा लोकांनी मोजणे आपल्या भागाला नवीन नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्या देखरेखीत गावकरी आरोग्य केंद्राला लाल, पिवळे, हिरवे असे शेरे देत आणि जनसुनवाईत प्रश्न मांडत. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तसेच तीन प्रश्न मांडता येतील. गेल्या तीन महिन्यांत अमॉक्सिसिलिन किती दिवस संपलेले होते? वॉर्डात हात धुण्याची सोय रोज चालू असते का? अँटिबायोटिकचे कारण केसपेपरवर लिहिले जाते का? या तीन उत्तरांवरून रुग्णालयाबद्दल बरेच काही कळते. आणि अडचण बहुतेक वेळा डॉक्टरांच्या इच्छेची नसून साठ्याची, मनुष्यबळाची असते, हेही पुढे येते. मग मागणी योग्य ठिकाणी करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सुई गोळीपेक्षा जास्त ताकदीची असते का?*
नाही. उलट्या होत असतील, रुग्ण बेशुद्ध किंवा फार गंभीर असेल तर सुई लागते. एरवी अमॉक्सिसिलिनसारखे औषध पोटातून चांगले शोषले जाते. शिवाय प्रत्येक सुई, सलाईन हा जंतू आत जाण्याचा आणखी एक मार्ग असतो.

*बरे वाटले की बंद करू का?*
स्वतःहून बंद करू नका आणि स्वतःहून वाढवूही नका. सांगितले तितके दिवस घ्या. मुदतीआधीच बरे वाटले तर डॉक्टरांना विचारा. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

*जुलाबाला अँटिबायोटिक का दिले नाही?*
मुलांच्या बहुतेक जुलाबांना ते लागत नाही. ओआरएस आणि १४ दिवस झिंक हाच मुख्य उपचार आहे. शौचात रक्त असेल किंवा कॉलरा असेल तर मात्र लागते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

- बाळ दूध ओढत नाही, मलूल आहे, अंग थंड किंवा खूप गरम आहे.
- श्वास जोरात चालतो. शांत असताना मोजा: दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. किंवा छाती आत ओढली जाते.
- झटके आले, शुद्ध हरपली, लघवी बंद झाली.
- बाळंतिणीला ताप, घाण वासाचा स्राव किंवा टाक्यातून पू.

अशा वेळी आशा ताईंना कळवा, १०८ वर फोन करा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचा. भगताकडे जाऊन मग दवाखान्यात जाऊ, असे करू नका. इथे अँटिबायोटिकचा प्रत्येक तास मोलाचा असतो.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे याबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*